जिथे नोकरी, तिथेच खाते: ग्राहक म्हणून आपली माहिती कशी राखावी

टेलिकॉम कंपनीत काम करणाऱ्याच्या फोनमध्ये बहुधा त्याच कंपनीचे सिम असते. बँक कर्मचाऱ्याचा पगार त्याच बँकेत जमा होतो, आणि रुग्णालयातली परिचारिका आजारी पडली की तिथेच केस पेपर काढते. यात गैर काहीच नाही. मात्र त्यामुळे एकाच संस्थेकडे तुमच्या दोन फायली तयार होतात. एक कर्मचाऱ्याची: हजेरी, पगार, रजा, मूल्यमापन. दुसरी ग्राहकाची: कोणाला फोन केला, पैसे कुठे गेले, कोणते औषध चालू आहे. पहिली फाइल बघणे हे एचआरचे कामच आहे. दुसरी फाइल सेवा देण्यासाठी उघडायची असते, तुमच्यावर नजर ठेवण्यासाठी नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हे तत्त्व युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलेले आहे आणि इतर अनेक देशांचे कायदेही त्यावरच उभे आहेत.

कायदा असला तरी दोन फायलींमधली भिंत आपोआप उभी राहत नाही. जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमने २००५-०६ मध्ये आतल्या बातम्या कोण फोडतो हे शोधण्यासाठी पत्रकारांचे आणि स्वतःच्याच पर्यवेक्षी मंडळातल्या सदस्यांचे कॉल रेकॉर्ड तपासले होते. २००८ मध्ये हे उघड झाले आणि २०१० मध्ये सुरक्षा विभागातल्या एका माजी अधिकाऱ्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये गुपिते फोडणारा कर्मचारी शोधताना एका ब्लॉगरचे हॉटमेल खाते उघडले. २०१४ मध्ये ही गोष्ट न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आली, टीका झाली, आणि यापुढे अशा वेळी मजकूर स्वतः न उघडता प्रकरण तपास यंत्रणेकडे देऊ, असे कंपनीला जाहीर करावे लागले. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या कोणी चोरी केली नव्हती. सेवा देणाऱ्याच्या हाती आधीच असलेली माहिती मालकाच्या कामासाठी वापरली गेली.

आधी बघा, नेमके काय दिसते

भीती आणि बेफिकिरी दोन्ही अंदाजावर चालतात, म्हणून सुरुवात यादीने करा. मालकाकडून कोणकोणत्या सेवा घेता ते लिहा आणि प्रत्येक सेवेपुढे त्या व्यवस्थेत काय साठते ते मांडा.

मोबाइल सेवेत कॉल डिटेल रेकॉर्ड साठतात: कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला, किती वाजता, किती वेळ, आणि कोणत्या टॉवरवरून. बोलणे रेकॉर्ड होत नसले तरी एवढ्यावरून खूप काही कळते. रविवारी सकाळी स्पर्धक कंपनीच्या क्रमांकावर पंचवीस मिनिटे कॉल झाला, ही एक ओळ पुरते. साधा एसएमएस टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतो, त्यामुळे तो कंपनीच्या यंत्रणेतून वाचता येईल अशा रूपातच जातो, ओटीपीसकट. सिग्नल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मात्र नेटवर्कला दिसत नाही. तुम्ही त्या सेवेशी जोडलेले होता आणि किती डेटा गेला, एवढेच दिसते.

घरचे इंटरनेट मालकाचेच असेल तर एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइटशी होणाऱ्या कूटबद्ध जोडणीमुळे, पानाचा मजकूर दिसत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेच्या) विचारणेतून आणि जोडणी उघडताना पाठवल्या जाणाऱ्या साइटच्या नावावरून कळते. नोकरीच्या साइटचे नाव रोज रात्री दिसू लागले तर ते कशाचे लक्षण आहे, हे कोणालाही समजेल.

बँकेत सगळे व्यवहार, समोरच्याचे नाव आणि व्यवहाराचा शेरा दिसतो. बँका कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर मुद्दाम लक्षही ठेवतात. गैरव्यवहार आणि हितसंबंधांचा संघर्ष पकडण्यासाठी ते रास्त आहे आणि बहुतेक वेळा सेवाशर्तींमध्ये तसे लिहिलेले असते. म्हणून इथे "बघतात का" हे विचारण्यात अर्थ नाही. कोण बघतो आणि निष्कर्ष कोणाकडे जातो, हे विचारा.

रुग्णालयात दोन वेगळ्या नोंदी असतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. तुम्ही रुग्ण म्हणून काढलेला केस पेपर ही एक, आणि रजेसाठी एचआरला दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र ही दुसरी. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य माहितीविषयक कायद्याखालच्या नियमांत संरक्षित आरोग्य माहितीच्या व्याख्येतून मालक या नात्याने ठेवलेल्या नोकरीविषयक नोंदी वगळल्या आहेत. म्हणजे केस पेपरला जे कवच आहे ते रजेच्या अर्जाला जोडलेल्या कागदाला मिळत नाही. म्हणून एचआरला कामासाठी लागेल तेवढेच द्या: किती दिवस विश्रांती हवी, कोणते काम टाळायचे. निदान लिहिणे नियमाने बंधनकारक नसेल तर प्रमाणपत्रात ते न घालण्याची विनंती डॉक्टरांना करा.

दोन ओळखी वेगळ्या ठेवा

एचआरची व्यवस्था आणि ग्राहकांची व्यवस्था सहसा वेगळी असते. त्या जोडल्या जातात त्या समान धाग्यांनी: कर्मचारी क्रमांक, ऑफिसचा ईमेल, ऑफिसने दिलेला मोबाइल, कधी कधी नुसते नाव आणि जन्मतारीख. यातले जेवढे धागे तुमच्या हाती आहेत तेवढे तोडा.

ग्राहक खात्यात लॉगिन करून प्रोफाइल, संपर्क आणि सुरक्षा ही तिन्ही पाने उघडा. ईमेल वैयक्तिक करा. तो मालकाच्याच सेवेवरचा नसेल तर उत्तम. पासवर्ड रिकव्हरीचा पत्ता आणि क्रमांक वेगळे तपासा, कारण मुख्य ईमेल बदलला तरी जुना ऑफिसचा पत्ता रिकव्हरीत तसाच पडून राहतो. ही चूक सर्रास होते. बिल कोणत्या पत्त्यावर जाते तेही बघा. ऑफिसच्या पत्त्यावर जाणारे तपशीलवार बिल टपाल विभागातल्या ट्रेमध्ये उघडे पडते. "कंपनीच्या खात्याने साइन इन करा" अशी सोय असेल तर ग्राहक खात्यासाठी ती वापरू नका, वेगळा पासवर्ड ठेवा. नाही तर नोकरी सुटताच ज्या तासाला ऑफिसचे लॉगिन बंद होईल, त्याच तासाला स्वतःच्या ग्राहक खात्याचेही दार बंद होईल.

यानंतर खात्याला पिन किंवा परवलीचा शब्द लावून घ्या. फोनवरून किंवा काउंटरवरून कोणी बदल मागितला तर तो विचारला जातो. तुमची जन्मतारीख, पत्ता, आईचे नाव सहकाऱ्यांना माहीत असू शकते, त्यामुळे नेहमीचे पडताळणीचे प्रश्न तुमच्या बाबतीत कुचकामी आहेत. टेलिकॉममध्ये सिम बदल आणि नंबर पोर्ट करण्यावर कुलूप लावण्याची सोय असेल तर तीही घ्या.

अनेक मोठ्या संस्थांमध्ये "मर्यादित प्रवेश" असा शिक्का खात्यावर मारता येतो. तो सहसा नामवंत ग्राहकांसाठी असतो, पण कर्मचाऱ्यांनाही मागता येतो. रुग्णालयांच्या काही प्रणालींत अशी नोंद उघडताना पडद्यावर इशारा येतो, कारण लिहावे लागते आणि ते लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय उघडले याच्या नोंदीत, पडते. आणीबाणीत उपचार अडत नाहीत आणि उगाच डोकावणारा थबकतो. मागणी लेखी करा, आणि शिक्का लागल्यावर नेमक्या कोणत्या भूमिकांना खाते दिसत राहील ते विचारून घ्या.

स्टाफ सवलत घ्यावी का

सवलत मिळण्यासाठी तुमचे ग्राहक खाते कर्मचारी क्रमांकाशी जोडावेच लागते. वर तोडलेला धागा इथे तुम्ही स्वतः पुन्हा बांधता. म्हणून सेवेचे स्वरूप बघून ठरवा. टीव्हीचे पॅकेज, घरातले ब्रॉडबँड, गाडीचा विमा यांवर सवलत खुशाल घ्या. ज्या फोनवरून तुम्ही वकील, संघटना, डॉक्टर किंवा नव्या नोकरीसाठी बोलता तो फोन, आणि ज्या खात्यातून घर चालते ते खाते, शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. आमच्या मते वाचलेल्या पैशांपेक्षा हे अंतर मोलाचे आहे.

पगार खाते त्याच बँकेत ठेवण्याची सक्ती असेल तर पगार जमा झाल्यावर एकरकमी दुसऱ्या बँकेत वळता करा. मालकाला फक्त तेवढा एक व्यवहार दिसेल. पुढचा रोजचा खर्च त्याला दिसणार नाही. मात्र कर्मचाऱ्यांनी बाहेरची खाती किंवा गुंतवणूक जाहीर करावी असा नियम असेल तर तो पाळाच. गोपनीयता जपणे म्हणजे लपवाछपवी नव्हे, आणि नियम मोडला की बाकीचा सगळा मुद्दा हातचा जातो.

कुटुंबाला स्टाफ प्लॅनमध्ये घेताना त्यांना आधी विचारा. मुख्य खातेदार तुम्ही असलात तर जोडीदाराचे आणि मुलांचे कॉल तुमच्या बिलात येऊ शकतात, आणि तुमच्या खात्यावर चौकशी झाली तर त्यांच्याही नोंदी त्यात ओढल्या जातात.

स्वतःचे खाते ऑफिसच्या स्क्रीनवर उघडू नका

यात सर्वाधिक लोक अडकतात. बिल किती आले, चेक वठला का, आईचा रक्ताचा रिपोर्ट आला का, एवढे बघायला समोरच्या सिस्टिममध्ये दोन अक्षरे टाइप करायचा मोह होतो. माहिती स्वतःची आहे, मग हरकत काय? हरकत अशी की तुम्हाला तो प्रवेश कामासाठी दिलेला आहे. लॉगमध्ये "कामाचे कारण नसताना खाते उघडले" अशीच नोंद पडते, आणि अनेक संस्थांच्या नियमांत ही शिस्तभंगाची बाब आहे. घरच्यांचे खाते त्यांच्या सांगण्यावरून उघडले तरी तेच. शिवाय पुढे कधी दुसऱ्याने तुमचे खाते उघडल्याची तक्रार केलीत तर तुमच्याच नोंदी आधी समोर ठेवल्या जातील.

म्हणून ग्राहकाचे काम ग्राहकाच्याच मार्गाने करा: वैयक्तिक फोनवरचे अ‍ॅप, ग्राहक सेवा क्रमांक, काउंटर. ओळखीच्या सहकाऱ्याला "जरा बघून सांग ना" असे चॅटवर लिहू नका. त्याने बघितले तर त्याची नोकरी धोक्यात येते. कामाच्या ओघात स्वतःचे किंवा नातेवाइकाचे खाते रांगेत समोर आलेच, तर हात न लावता वरिष्ठांना कळवून दुसऱ्याकडे सोपवा आणि तसे कळवल्याचा ईमेल ठेवा.

फोन आणि लॅपटॉप

खाते कितीही वेगळे केले तरी ते ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलेत तर सगळे मुसळ केरात. तीन गोष्टी तपासा.

पहिली, वैयक्तिक फोनवर कंपनीचे नियंत्रण आहे का. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात व्हीपीएन व डिव्हाइस मॅनेजमेंट बघा. तिथे प्रोफाइल दिसले तर ते उघडून त्याला काय काय परवानग्या आहेत ते वाचा. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या कामाचा वेगळा कप्पा, असेल तर ऑफिसच्या अ‍ॅप्सवर ब्रीफकेसचे छोटे चिन्ह असते. वैयक्तिक फोनवर मागाहून बसवलेल्या वर्क प्रोफाइलमध्ये सहसा कंपनीचा हात त्या कप्प्यापुरता असतो. ग्राहक म्हणून वापरायचे अ‍ॅप चिन्ह नसलेल्या बाजूलाच ठेवा.

दुसरी, कूटबद्ध वाहतूक मध्येच उघडली जाते का. कंपन्या ऑफिसच्या यंत्रांवर स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर ब्राउझर साइटची ओळख खरी मानतो) बसवून एचटीटीपीएसची तपासणी करू शकतात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीजवळच्या चिन्हावर क्लिक करून साइटचे प्रमाणपत्र उघडा आणि ते कोणी दिले ते वाचा. एखाद्या बाहेरच्या बँकेच्या साइटवर प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी तुमच्या कंपनीचे किंवा एखाद्या फायरवॉलचे नाव असेल, तर त्या यंत्रावर पासवर्ड, निदान, शिल्लक सगळे वाचता येते. काही साइट्स या तपासणीतून वगळलेल्या असतात, त्यामुळे एकच साइट बघून निश्चिंत होऊ नका. ज्या साइटवर जायचे तिचेच प्रमाणपत्र बघा.

तिसरी, डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून पुढे नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस हा पर्याय आहे. तिथे मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या सेवेचे होस्टनाव भरले की नावांच्या विचारणा कूटबद्ध होऊन तिकडे जातात. तरी जोडणीतले साइटचे नाव बरेचदा उघडेच राहते. तेही झाकायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक कूटबद्ध करून आपल्यामार्फत पुढे पाठवणारी सेवा, लागतो, आणि मग तुमचा भरवसा व्हीपीएन देणाऱ्यावर जातो. पुष्कळांना वाटते की व्हीपीएन लावला म्हणजे झाले. कॉल रेकॉर्ड, एसएमएस आणि टॉवरची नोंद यांवर व्हीपीएनचा काडीचाही परिणाम होत नाही.

माहिती मागवणारे पत्र

आपल्या खात्यात कोणी डोकावले का, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे लेखी मागणी. इथे एक निकाल जवळ ठेवावा. फिनलंडमधल्या एका बँकेत नोकरीला असलेला आणि तिचाच ग्राहक असलेला एक जण होता. २०१३ च्या अखेरीस सहकाऱ्यांनी आपली ग्राहक माहिती उघडली होती, हे त्याला २०१४ मध्ये कळले, आणि पुढे कोणी, कधी व का उघडली हे त्याने विचारले. पान्की एस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २२ जून २०२३ रोजी सांगितले की माहिती कधी आणि कोणत्या हेतूने बघितली हे जाणण्याचा हक्क आहे. मालकाच्या सूचनेनुसार बघणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे मात्र सरसकट मिळणार नाहीत. स्वतःचे हक्क बजावण्यासाठी ती अपरिहार्य असतील तरच मिळतील, आणि तेव्हाही त्या कर्मचाऱ्यांचे हक्क विचारात घेऊन. तुम्ही ग्राहक असताना कर्मचारीही होता, याने हक्काची व्याप्ती बदलत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणून नावे मागत बसू नका. तारखा, हेतू आणि विभाग मागा. दोन स्वतंत्र पत्रे लिहा, एक ग्राहक म्हणून आणि एक कर्मचारी म्हणून. एकाच पत्रात दोन्ही मागितले की ते एचआरकडे जाते आणि उत्तरात तुमचीच सेवापुस्तिका परत येते. ग्राहकाचे पत्र वैयक्तिक ईमेलवरून, माहिती संरक्षण अधिकाऱ्याच्या किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा. मजकूर साधारण असा:

"मी आपला ग्राहक आहे. खाते क्रमांक अमुक. ही मागणी मी ग्राहक या नात्याने करत आहे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझी ग्राहक माहिती किती वेळा बघितली, बदलली किंवा बाहेर काढली गेली, प्रत्येक वेळी तारीख, वेळ, विभाग आणि हेतू काय होता, हे कळवावे. ही माहिती मनुष्यबळ, दक्षता, अंतर्गत लेखापरीक्षण किंवा माझ्या वरिष्ठांना दिली गेली का, दिली असल्यास कोणत्या कायदेशीर आधारावर, हेही कळवावे. उत्तर मिळेपर्यंत संबंधित लॉग नष्ट करू नयेत. उत्तर याच ईमेलवर द्यावे."

शेवटून दुसरे वाक्य गाळू नका. लॉग ठरावीक मुदतीनंतर पुसले जातात, आणि काही प्रणालींत फक्त बदलांची नोंद होते, नुसते बघण्याची नाही. उत्तरात "कोणताही बदल आढळला नाही" असे आले तर "बघण्याची नोंद ठेवता का" हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. साधारण सहा महिन्यांच्या काळातल्या नोंदी मागा. "सुरुवातीपासून सगळे" मागितले की उत्तर लांबते.

जीडीपीआरखाली उत्तर एका महिन्यात द्यावे लागते. किचकट मागणी असेल तर आणखी दोन महिने वाढवता येतात, पण तसे पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती मिळवण्याचा हक्क संमतीवर आधारलेल्या वापराशी जोडलेला आहे, तर कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय वापराची वाट मोकळी ठेवते. त्यामुळे ग्राहक म्हणून दिलेली माहिती नोकरीच्या कारणासाठी वापरली का, हा प्रश्न तिथे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने पत्र लिहिण्यापूर्वी कोणते लागू आहे ते बघून घ्या.

नोकरी सोडताना

राजीनामा देण्याच्या आधी हे करा, नंतर नव्हे. सिम कोणाच्या नावावर आहे ते तपासा. कंपनीच्या नावावरचा क्रमांक कंपनीचा असतो, मग तो दहा वर्षे तुमच्या खिशात असो. तो वैयक्तिक नावावर करून घेण्याची प्रक्रिया विचारा. होणार नसेल तर बँक, ईमेल आणि सरकारी सेवांमधला तुमचा नोंदलेला क्रमांक आधी बदला, प्रत्येक ठिकाणी एकदा ओटीपी मागवून खात्री करा, आणि मगच जुना क्रमांक सोडा. क्रम उलटा झाला तर ओटीपी दुसऱ्याच्या हातात पडतो. क्लाउडवरचे फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून उघडून बघा. स्टाफ दराचे कर्ज किंवा विमा असेल तर नोकरी सुटल्यावर दर आणि अटी काय होतात ते लेखी घ्या. शेवटी ग्राहक खात्यावरचा कर्मचारी शिक्का काढल्याची पावती मागा. तो राहून गेला तर खाते स्टाफच्या देखरेखीतच राहते.

तुम्हीच विभाग सांभाळत असाल तर

हाताखालच्या लोकांची खाती सेवा देणाऱ्या प्रणालीत असतील तर एचआरला त्या प्रणालीचे लॉगिन देऊच नका. चौकशीसाठी माहिती लागली तर लेखी कारण, दोघांची मंजुरी आणि ठरावीक कालावधी, एवढ्यावरच द्या. मंजुरी देणाऱ्या दोघांत त्या कर्मचाऱ्याचा थेट वरिष्ठ नसावा. प्रणालीला दोन इशारे शिकवा: बघणारा आणि बघितला गेलेला एकाच विभागातले असतील तेव्हा, आणि दोघांचे आडनाव किंवा पत्ता एक असेल तेव्हा. आडनावाच्या इशाऱ्यात खोटे पडणारे बरेच येतात. म्हणून त्यावरून थेट कारवाई न करता फक्त कारण विचारा. बघण्याची नोंद ठेवली जाते हे सर्वांना आधीच सांगा.

कोणी डोकावल्याचे आढळले तर

त्या सहकाऱ्याला जाऊन जाब विचारू नका. तो सावध होतो आणि प्रकरण वैयक्तिक भांडणाचे रूप घेते. तक्रार माहिती संरक्षण अधिकाऱ्याकडे करा, थेट वरिष्ठांकडे नाही, आणि ती ग्राहकाची तक्रार म्हणूनच नोंदवून क्रमांक घ्या. स्वतःची पत्रे, त्यांची उत्तरे आणि पोच वैयक्तिक ठिकाणी साठवा. पुरावा म्हणून ऑफिसच्या प्रणालीचे स्क्रीनशॉट बाहेर नेऊ नका, कारण त्यात इतर ग्राहकांची माहिती असली तर नियमभंग तुमच्या माथी येईल. लॉग जपून ठेवण्याची मागणी लेखी केलेली असली की पुरावा संस्थेकडेच राहतो, आणि मुदतीत उत्तर न आल्यास नियामकाकडे जाताना तीच मागणी आणि तिची पोच जोडायची असते.